हाताने खेळणारा फुटबॉलपटू

शुनपेई उरामोतो पहिल्यांदा माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात कपड्यांची बॅग होती आणि दुसऱ्या हातात जिवंत शंखांनी भरलेली थर्माकोलची पेटी. आईने पाठवलेत, म्हणाला. जानेवारीचा ओला बर्फ पडत होता आणि ओकी बेटांवरून येणारी बोट त्या दिवशी इतकी हलली होती की पोराचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा पडला होता. कोळ्याच्या पोराला बोट लागते हे मी पहिल्यांदाच बघत होते. तसं बोलून दाखवल्यावर तो ताठ झाला.

"मी कोळी नाही, मावशी. मी फुटबॉलपटू आहे."

एवढं बोलून तो माझ्या न्हाणीघराकडे धावला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

माझं घर म्हणजे पूर्वीचं साकाझाकी लॉज. सासऱ्यांच्या काळी मासळीचे व्यापारी उतरायचे. पुढे गाड्या आमच्या कामिहामा गावाला थांबेनाशा झाल्या, गिऱ्हाईकही थांबेनासं झालं, आणि नवरा गेल्यावर मी पाटी उतरवली. मग आमच्या गावच्या क्लबाने वरच्या खोल्या कोवळ्या खेळाडूंसाठी घेतल्या. क्लबाचं नाव इसारीबी, म्हणजे रात्री माकूळ पकडणाऱ्या होड्यांवर टांगतात ते दिवे. व्यावसायिक फुटबॉलची तिसरी पायरी आमची. तिच्याखाली जिना नाही, चिखल आहे. समुद्राला कंटाळून पळालेल्या पोराच्या जर्सीवर आता जन्मभर माकुळाचं चित्र असणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही कुणास ठाऊक.

शुनपेईचं आणि समुद्राचं लहानपणापासून वाकडं. बाप कान्जी उरामोतो बेटावरचा नावाजलेला कोळी. पोरगा नीट चालायला लागल्यावर त्याने त्याला होडीवर घेतलं. पोरगा ओकायचा आणि काम करायचा, काम करायचा आणि ओकायचा. त्यांच्या बंदरातला धक्का उंच आणि होडी खाली, त्यामुळे दोरांची ओली भेंडोळी, जाळं तरंगत ठेवणाऱ्या बोयांच्या गोण्या, सगळं दोन्ही हातांनी डोक्यावरून वर भिरकवावं लागे. ते काम शुनपेईचं. दुपारी मात्र तो शाळेच्या मैदानावर एकटा डाव्या पायाने भिंतीवर चेंडू मारत बसे. पंधराव्या वर्षी त्याने बापाला सांगितलं की मी मुख्य भूमीवरच्या शाळेत जातो, मी माझ्या पायांवर पोट भरणार. बाप म्हणाला, बरं. बापाच्या तोंडून 'बरं' बाहेर पडणं म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. तो माणूस 'बरं' आणि 'नको' या दोन शब्दांवर संसार करत आला होता.

शाळेत त्याचं चांगलं चाललं. पाठीवर दहा नंबर, नाजूक पास, बाकदार फ्री-किक. शेवटच्या वर्षी एका सामन्यात बाजूच्या रेषेवरून लांब चेंडू फेकणारा पोरगा तापाने पडला, म्हणून कोचने शुनपेईला फेकायला सांगितलं. त्याने दोन्ही हातांत चेंडू घेतला, डोक्यामागे नेला आणि धक्क्यावर गोणी टाकावी तसा टाकला. चेंडू थेट गोलच्या तोंडाशी पडला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. नंतर दोन फ्री-किक मारल्या, त्यातली एक आत गेली, आणि रात्रभर त्याला त्या फ्री-किकमुळे झोप आली नाही. आठवड्याभरात आमच्या क्लबाचे संचालक नोत्सुसाहेब शाळेत हजर झाले. शुनपेईला वाटलं, फ्री-किक पोचली.

त्याचा गैरसमज आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात दूर झाला. नव्या खेळाडूंची ओळख करून देण्याचा कार्यक्रम होता. गावातले साठ-सत्तर लोक, दोन वार्ताहर, आणि चहा देणाऱ्या आम्ही बायका. वार्ताहराने विचारलं, तुझं हत्यार कोणतं? शुनपेईने मान लववली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "डावा पाय."

नोत्सुसाहेब खोकले. मग त्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं की उरामोतोची पायांवरही श्रद्धा आहे ही आनंदाची गोष्ट आहे, पण क्लबाने त्याला घेतलंय ते त्याच्या फेकीसाठी. देशात इतकी लांब फेक फार थोड्यांची असेल, आणि आमच्यासारख्या गरीब क्लबाला दुसऱ्याच्या गोलपर्यंत चेंडू नेण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शुनपेईनेही वाजवल्या. काय करणार, सगळेच वाजवत होते.

घरी आल्यावर तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दोघांचं जेवला, कारण सराव होता.

तिसऱ्या पायरीवरच्या नव्या पोरांना खेळाबरोबर नोकरीही करावी लागते. क्लबाने त्याला नोकरी दिली ती आमच्या बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहात, कारण त्याचे मालक क्लबाचे मोठे आश्रयदाते. सकाळी सराव, दुपारी पेट्या. समुद्र सोडून तो एवढा लांब आला, आणि समुद्र त्याच्या आधी येऊन पेट्यांत भरून बसला होता. कोच इकुशिमा मात्र खूश. खांद्यांना याहून चांगला व्यायाम नाही, म्हणायचे.

इकुशिमा तसे सरळ गृहस्थ. त्यांनी शुनपेईला फेकीचा नियम पहिल्याच दिवशी समजावला. दोन्ही हात चेंडूवर, चेंडू डोक्यामागून, आणि फेकताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. म्हणजे पायांचं काम एवढंच, की त्यांनी जागचं उठू नये. सामना संपत आला आणि आम्ही मागे असलो, की कोच त्याला आत पाठवायचे. तो रेषेजवळ घुटमळायचा, चेंडू बाहेर गेला की उचलायचा, पुसायचा, फेकायचा. चेंडू खेळात असताना कुणी त्याच्याकडे पास दिला तर प्रेक्षकांतले म्हातारे ओरडायचे, अरे त्याला कशाला देता, बाहेर घालवा.

फेक झेलायला होता तेत्सुरो मोगी. आमचा मधला बचावपटू, दाराच्या चौकटीत वाकून शिरणारा, पण बोलणं इतकं हळू की भात हवाय की नकोय हे मला त्याच्या वाटीवरून ओळखावं लागे. तोही माझ्याकडेच राहायचा. शुनपेईने फेकावं, मोगीने उडी मारून डोकं लावावं आणि चेंडू आत. पहिला गोल झाला तेव्हा सगळे मोगीच्या अंगावर पडले. शुनपेई रेषेवरून तिथवर पोचेपर्यंत ढीग उठलाही होता.

उन्हाळ्यापर्यंत असे चार गोल झाले आणि गाव वेडं झालं. ओल्या चेंडूवरून हात निसटतो म्हणून रेषेवर जागोजागी टॉवेल ठेवायचे ठरलं. क्लबाकडे टॉवेल कुठले, मीच माळ्यावरचे लॉजचे जुने टॉवेल काढून दिले. निळ्या अक्षरांत साकाझाकी लॉज आणि खाली फोन नंबर. शुनपेईची एक फेक टीव्हीवर दाखवली, त्यात तो चेंडू पुसताना माझा नंबर नीट वाचता येत होता. फोन वाजायला लागले. हिरोशिमाचं एक वयस्क जोडपं तर फोन न करताच बॅगा घेऊन आलं. परत कसं पाठवणार? ठेवून घेतलं. सकाळी त्यांच्या समोर सात दांडगी पोरं बसून भाजलेला बांगडा खात होती. जाताना बाई म्हणाल्या, तुमच्याकडचे पाहुणे फार भुकेले असतात.

सगळीकडे शुनपेईचं नाव, आणि शुनपेई दिवसेंदिवस गप्प. आश्रयदात्यांच्या भिंतीवर त्याचं मोठं चित्र लागलं, कमरेपासून वर. त्याने एकदा जेवताना सहज विचारलं, "मावशी, पूर्ण चित्र का नाही काढलं?"

"भिंत लहान असेल," मी म्हणाले.

"भिंत मोठी आहे. मी रोज तिच्यासमोर पेट्या उतरवतो."

ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकाचा संघ आमच्याकडे आला. गोल कुणाचाच होत नव्हता. समुद्रावरून जोराचा वारा सुटला होता, आणि शुनपेईने फेकलेला चेंडू मोगीच्या डोक्यावरून गेला, सगळ्यांच्याच डोक्यावरून गेला, आणि सरळ जाळ्यात. मैदानात असा आवाज उठला की शेजारच्या देवळातली कबुतरं उडाली. माझ्या शेजारचे केशकर्तनालयवाले म्हातारबुवा रडत होते. शुनपेई दोन्ही हात पसरून कोपऱ्यातल्या झेंड्याकडे पळत सुटला, आयुष्यात पहिल्यांदा.

पण फेकलेला चेंडू कुणालाही न लागता गोलमध्ये गेला तर तो गोल नसतो. समोरच्या गोलकीपरला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने शेवटच्या क्षणी हात मागे घेऊन चेंडूला वाट करून दिली होती. पंचांनी गोल-किक दिली. झेंड्याजवळ पोचलेल्या शुनपेईला ते सगळ्यांत शेवटी कळलं. सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने त्याचं हात पसरलेलं छायाचित्र छापलं आणि खाली लिहिलं, 'उरामोतोचा न झालेला पहिला गोल.'

मी विचारलं, तुला नियम माहीत नव्हता का रे?

"माहीत होता. पाय ऐकेनात. त्यांना इतके दिवस काही कामच नव्हतं."

शरद ऋतूत बातमी आली की ओसाकाकडच्या एका बड्या, पहिल्या पायरीवरच्या क्लबाचा माणूस आमचा सामना बघायला येतोय. नोत्सुसाहेबांनी शुनपेईला बोलावून सांगितलं की जमेल तितकं फेक. योगायोगाने त्याच आठवड्यात आमच्या डाव्या बॅकचा, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचा, स्नायू दुखावला, आणि कोचना नाइलाजाने शुनपेईला सुरुवातीपासून खेळवावं लागलं. पूर्ण सामना. आदल्या संध्याकाळी त्याने आपले बूट तीनदा पुसले. मला म्हणाला, उद्या मी फेकणार नाही. त्यांना हात दाखवून मी त्या क्लबात गेलो, तर तिथेही हातच दाखवावे लागतील. मी म्हटलं, मला फुटबॉलमधलं कळत नाही, पण कोच तुला खातील. तो म्हणाला, खाऊ देत.

त्याच दिवशी कान्जी उरामोतो प्रगटले. वर्षभरात ते एकदाही आले नव्हते, कारण समुद्र शांत असला की ते मासेमारीला जायचे, आणि खवळला की बोट सुटायची नाही. आता त्यांच्या होडीचं इंजिन बिघडलं होतं, ती दुरुस्तीला आमच्या बंदरात आणली होती, आणि सुटा भाग यायला दोन दिवस होते. मी त्यांना माझ्याबरोबर सामन्याला नेलं.

"मी इंजिनासाठी आलोय," ते वाटेत दोनदा म्हणाले.

शुनपेई सुरेख खेळला. मला खरंच फारसं कळत नाही, पण म्हातारबुवा न्हावी सांगत होते की पोराचा पाय गोड आहे, इतके दिवस कुठे लपवला होता. त्याने डाव्या पायाने लांब पास दिले, एक माणूस चकवला, दुसऱ्यांदा तोच माणूस चकवला. पण चेंडू बाहेर गेला की तो जवळच्या गड्याकडे हलकेच टाकायचा. पहिल्यांदा लोकांना वाटलं डावपेच आहे. तिसऱ्यांदा कुजबुज सुरू झाली. मग बाकावरून इकुशिमा दोन्ही हात डोक्यावरून नेऊन फेकण्याची खूण करू लागले, इतक्या वेळा की पाहुण्यांना वाटावं, कोचच व्यायाम करतायत. टॉवेल सुकेच राहिले.

कान्जीभाऊ हाताची घडी घालून बसले होते. अर्धा सामना झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ताई, त्याचा हात दुखतोय का?"

"नाही. आज त्याला पायाने खेळायचंय."

त्यांनी बराच विचार केला. "बरं," म्हणाले.

आम्ही एका गोलने हरत होतो. त्या वर्षी तळाशी दोन संघ आमच्याइतकेच बुडायला आले होते, आणि तो सामना हरलो असतो तर चिखल फार लांब नव्हता. अगदी शेवटी चेंडू आमच्या बाजूला बाहेर गेला. शुनपेई उचलायला आला. तेव्हा मोगी, जो मैदानातही कधी तोंड उघडत नाही, तो पार मागून धावत त्याच्याजवळ आला. आम्ही रेषेला लागूनच बसलो होतो, म्हणून ऐकू आलं.

"शुनपेई, एक टाक."

"दादा, आज नाही."

"मला पायाने काही येत नाही रे," मोगी म्हणाला. "मला एवढंच येतं. एकच टाक."

शुनपेईने त्याच्याकडे बघितलं, बाकावर हातवारे करणाऱ्या कोचकडे बघितलं, आणि वर बसलेल्या ओसाकाच्या माणसाकडेही बघितलं. मग वाकून माझा टॉवेल उचलला. चेंडू गेला तो मोगीच्या कपाळावर, आणि तिथून आत. बरोबरी झाली. आम्ही वाचलो. कान्जीभाऊंनी हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली.

ओसाकाच्या माणसाने दोन आठवड्यांनी मोगीला करारबद्ध केलं. तो मुळात मोगीलाच बघायला आला होता. उंच आणि डोक्याने गोल करू शकेल असा बचावपटू त्यांना हवा होता, आणि शेवटच्या हेडरने त्याची खात्री पटली. शुनपेईबद्दल त्याने काही लिहिलं होतं की नाही हे कुणालाच कळलं नाही. मोगीला तर सामन्याच्या दिवशी काहीच माहीत नव्हतं. तो माझ्या स्वयंपाकघरात मिठाईचा डबा घेऊन आला आणि शुनपेईसमोर फरशीला कपाळ टेकून बसला.

"माफ कर. तुझ्यासाठी आले होते असं सगळे म्हणत होते."

"डोकं तुझं होतं, दादा. त्यात माफी कसली?"

"चेंडू तुझा होता."

"चेंडू आश्रयदात्यांचा होता," शुनपेई म्हणाला, आणि डबा उघडून त्याने पहिली मिठाई मोगीच्या तोंडात कोंबली. मग स्वतः खाल्ली. त्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. नंतर भांडी घासताना मात्र त्याने माझी एक वाटी फोडली.

मोगी गेल्यावर आमची पंचाईत झाली. क्लबाने त्याच्या जागी घेतलेला गडी चपळ होता, हुशार होता, आणि शुनपेईपेक्षा बुटका होता. नव्या हंगामात शुनपेईने दोन-तीनदा फेकून बघितलं. समोरच्या संघाचे उंच बॅक आनंदाने चेंडू परत करायचे. महिन्याभरात इकुशिमांनी फेकीचा सरावच बंद केला. डाव्या बॅकचा स्नायू अजून बरा नव्हता. मग शुनपेईला तिथे ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, आणि डाव्या बॅकला दिवसभर डाव्या पायानेच खेळावं लागतं. अशा रीतीने त्याला हवं ते मिळालं. क्लबाने कुठे जाहीर केलं नाही, चित्र बदललं नाही, आणि मैदानातले म्हातारे वर्षभर हळहळत राहिले की पोरात पूर्वीसारखी बात राहिली नाही.

तो मात्र खाऊ लागला, झोपू लागला, आणि सकाळी दात घासताना गुणगुणू लागला. त्याचा आवाज वाईट आहे. वरच्या पोरांनी तक्रार केली, मी कानाडोळा केला.

त्याचा पहिला खरा गोल या वसंतात झाला, दूरच्या एका गावी, पावसात, जिथे आमच्याकडून न्हावी म्हातारबुवा धरून नऊ माणसं गेली होती. डाव्या कोपऱ्याजवळून त्याने डाव्या पायाने चेंडू मारला, तो गोलकीपरच्या मागून वळत लांबच्या खांबाला चाटून आत गेला. एक-शून्य, आम्ही जिंकलो. वर्तमानपत्राने लिहिलं की एवढ्या अरुंद कोनातून असा फटका मारायला धाडस लागतं. इकुशिमांनी सगळ्या संघासमोर सांगितलं की या गोलची कल्पना डोक्यात असावी लागते.

परत आल्यावर त्याने माझ्या ओसरीतल्या फोनवरून बेटावर फोन लावला. मोबाइल भिजून बंद पडला होता. बेटावरची माणसं फोनवरही होडीतून हाक मारल्यासारखी बोलतात, त्यामुळे मी भाताच्या कुकरपाशी होते तरी दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"बाबा, मी गोल मारला नाही. मी मध्ये आमच्या साकातानीला पास देत होतो. वाऱ्याने चेंडू आत नेला."

पलीकडून प्रश्न आला.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. उद्या कोचना सांगणार आहे. ते सगळ्यांसमोर माझी तारीफ करत होते, मला बरं नाही वाटलं."

"नको," कान्जीभाऊ म्हणाले. आणि मग, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, ते दोन शब्दांच्या पुढे गेले. "मी पूर्वेला जाळं टाकतो आणि प्रवाहाने पश्चिमेला नेलं तरी मासे विकतोच ना? बंदरात सगळे विचारतात, कान्जी, तुला कसं रे कळतं मासे कुठे असतात ते. तीस वर्षं विचारतायत. मी मान हलवतो."

शुनपेईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आला. मी ऐकलंय हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. मी भात वाढला. त्याने वाटी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, मावशी, आज थोडा जास्त. मी जास्त वाढला. दुसऱ्या दिवशी न्हावी म्हातारबुवा दारात येऊन त्याला तो गोल पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले, कोन किती होता, पाऊस किती होता. शुनपेई मन लावून ऐकत होता आणि मान हलवत होता.